तेराकाईचं गोड पाणी

आमच्या बेटावरच्या तेराकाई गावात दुसऱ्याच्या बायकोकडे बघितलं तर शिव्या बसतात, फार तर वल्ह्याचा एखादा तडाखा. पण दुसऱ्याच्या बाबाईच्या खड्ड्यात डोकावलं तर नातवंडांपर्यंत बोलणं तुटतं. खड्ड्यांच्या मधून जाणाऱ्या वाटेवर माणसं माडांच्या शेंड्यांकडे बघत, मोठ्यानं खाकरत चालतात. असंच शेंड्यांकडे बघत चाललेला एक जण पूर्वी स्वतःच्याच खड्ड्यात पडला आणि पाय मोडून घेतला. त्याला वर काढायला गेलेल्यांनी डोळ्यांना फडकी बांधली होती, त्यामुळे तेही एकेक करून आत पडले. संध्याकाळपर्यंत अर्धा गाव त्या खड्ड्यात होता आणि एकानंही आतला बाबाई केवढा ते पाहिलं नव्हतं.

बाबाई म्हणजे अळूच, पण आडदांड. पुरुषभर खोल खणलं की तळाशी जमिनीतलं गोड पाणी लागतं, त्यात तो लावायचा. पान एवढं की खाली नवरा-बायको पावसात कोरडे राहतात. बुंध्याभोवती केवड्याच्या पातीची बिनतळाची टोपली विणायची, तीत काळी माती आणि चिरलेला पाला दाबायचा. कुठला पाला, कुठल्या चंद्राला, हे ज्याच्या त्याच्या घरचं गुपित. कैताराच्या आजोबांनी मरताना ते मुलाच्या कानात सांगितलं, तेही बायकांना बाहेर घालवून. त्याच आजोबांचा एक बाबाई मानेआबात, म्हणजे गावच्या सभेच्या मोठ्या छपराखाली, नेऊन ठेवला होता. त्याला दगडी ओटा समजून पाद्रीबुवा टेकले आणि प्रवचन संपेपर्यंत उठले नाहीत.

त्या घराण्याचं गुपित आता कैताराकडे होतं. त्याची बायको रोतिया लग्नापासून तो पाला तोडत होती, चिरत होती, डोक्यावरून वाहून आणत होती. तरी घरच्या रीतीप्रमाणे तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी पश्चिमेचा पाऊस आलाच नाही. विहिरीचं पाणी मचूळ झालं, निरफणसाची फळं लिंबाएवढी होऊन गळाली. मग मोठी भरती आली. लोक किनाऱ्यावर दगड रचून समुद्राची वाट बघत उभे होते, आणि समुद्र मागच्या दारानं, जमिनीखालून आला.

रोतिया पाल्याची पाटी घेऊन खड्ड्यात उतरली तेव्हा पाणी घोट्याच्या जागी गुडघ्याला लागलं. खालून बारीक बुडबुडे येत होते. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"चव घे."

"मला भूक नाही."

"पाण्याची चव घे म्हणतेय."

कैतारानं बोट चाटलं. बराच वेळ तोंड हलवत राहिला. "तुझा घाम आहे. हात घातलास ना त्यात."

"एवढा घाम मला आला असता तर माझी एव्हाना सुकट झाली असती."

"हळू बोल," तो म्हणाला आणि खड्ड्याच्या काठाकडे बघू लागला. काठावर कुणी नव्हतं. असतं तरी त्यानं बघितलं नसतं.

त्या दिवसापासून दोघं उजाडायच्या आत उपसा करू लागली. कैतारा खाली उभा राहून बादली भरायचा, रोतिया वर ओढायची आणि दूर केवड्याच्या बनात नेऊन ओतायची. जवळ ओतलं तर ते परत झिरपून येतं. दोर ओला, खारट. तिच्या तळहाताची सालं निघाली आणि त्यात मीठ बसलं. घास घ्यायलाही बोटं वळेनात. आणि जेवढं उपसावं तेवढं भरतीला खालून परत भरत होतं. समुद्र उपसायला दोनच माणसं, आणि त्यातला एक कबूल करत नव्हता की हा समुद्र आहे.

एके पहाटे दोर ओढता ओढता ती थांबली. डावीकडून खळ्ळ, उजवीकडून खळ्ळ, मागून खळ्ळ. सगळ्या खड्ड्यांमधून बादल्यांचा आवाज येत होता.

"ऐक," ती म्हणाली. "अख्खा गाव उपसतोय."

"लोक आंघोळ करत असतील."

"बुरेंताऊ? त्यानं शेवटची आंघोळ केली ती बाप्तिस्म्याला."

शेजारचा बुरेंताऊ दिवसा भेटला तो कमरेवर हात ठेवून, वाकडा होऊन. कैताराही वाकडाच होता.

"काय रे, पाठ?"

"उशाला हात घेऊन झोपलो. तुझी?"

"मीपण हातावरच झोपलो. आणि तुझे बाबाई?"

"पानं इतकी वाढलीत की खाली अंधार पडतो. दिवा घेऊन उतरावं लागतं. तुझे?"

"मला तर खड्डा रुंद करावा लागणार."

दोघं खुशीत हसले आणि दोन दिशांना लंगडत गेले. कैताराच्या खड्ड्यात पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. रोतियानं एक कंद चाचपला तर बोट आत गेलं आणि कुजका वास आला. तिनं तो उपटला, डुकरापुढे टाकला. डुकरानं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

घरात दोन मुली होत्या. जहाज लांबलं की दुकानातला तांदूळ संपतो. तसा तो संपला होता. सकाळी मासा-खोबरं, रात्री खोबरं-मासा.

"आज पण नारळ?" धाकटी मारेवे विचारायची.

"आज वेगळ्या माडाचा आहे," कैतारा सांगायचा. "चव बघ, फरक कळेल."

मग पंचायतीचा कारकून मोटरसायकलवरून आला. रोतियानं त्याला शहाळं फोडून दिलं. तो पिऊन म्हणाला, "सरपंच येणार आहेत. ज्या गावाचे बाबाई खाऱ्या पाण्यानं गेले, त्या गावाला पंचायत सिमेंटचे उंच वाफे बांधून देणार. जहाजानं माती येणार, पावसाच्या पाण्याची मोठी टाकी येणार. बेटाला अन्न पुरलं पाहिजे, असं ठरलंय वर."

रोतियाला तो वाफा डोळ्यांपुढे दिसू लागला. उंच वाफा. खालून समुद्र यायला जागाच नाही. वर्षाच्या आत छोटे का होईना बाबाई, मुलींच्या पुढ्यात घरचा घास.

"सगळ्या गावांना?"

"एकाच गावाला. तेवढंच आलंय."

"मग ठरवणार कसं?"

"सरपंच मानेआबात विचारतील. ज्यांचे गेले असतील त्यांनी उभं राहून सांगायचं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. उघड कारभार आहे."

"आणि तुम्ही खड्डे बघणार नाही?"

कारकुनानं शहाळं खाली ठेवलं. त्याचा चेहरा पडला. "काय बोलता वहिनी! लोकांच्या खड्ड्यांत बघू? मी काही रस्त्यावर पडलेला नाही, मलाही आईबाप आहेत."

तो गेल्यावर कैतारा बाहेर आला. कुडाआडून त्यानं सगळं ऐकलं होतं.

"पाहुणे येणार म्हणजे प्रत्येक घरातून एक बाबाई मांडावा लागणार," तो म्हणाला.

"मांडायचा कशाला? कुजलेला नेऊन दाखव. तेच हवंय त्यांना."

"माझ्या आजोबांच्या जागेवर बसून मी कुजका कंद दाखवू?"

"आजोबांना भूक लागत नाही आता. मुलींना लागते."

 कैतारा पायानं वाळू उकरत राहिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "नेई ताबोतूकडे जा. माझी मावशी आहे. मी नाही जाऊ शकत."

नेई ताबोतू विधवा होती, दात नसलेली, एका कानानं बहिरी. तिचा खड्डा बेटाच्या ऐन मध्यावर, उंचवट्याला होता. तिथं समुद्र अजून पोचला नव्हता. आणि आमच्याकडे नात्यातल्या माणसानं बुबूती केली, म्हणजे रीतसर तोंड उघडून मागितलं, तर नाही म्हणता येत नाही. होडी मागा, अंगावरचा सदरा मागा, द्यावाच लागतो. नाही म्हटलं तर देणाऱ्याची लाज, घेणाऱ्याची नाही.

रोतिया म्हातारीसमोर चटईवर बसली आणि खाली बघून म्हणाली, "बुबूती करायला आलेय. एक बाबाई पाहिजे."

म्हातारीनं सुस्कारा सोडला. "खणून घे. मला वाकवत नाही. आणि कुणाला सांगू नको म्हणशील."

"सांगू नका, मावशी."

"नाही सांगणार. कुणाचंच नाही सांगत मी."

खड्ड्यात उतरल्यावर रोतियाला त्या बोलण्याचा अर्थ कळला. काळ्या गोड पाण्यात रांगेनं ताजी भोकं होती. उरलेले बाबाई मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. ती काठीनं मुळं सोडवू लागली. तो सुटला तेव्हा ती त्याच्यासकट मागं चिखलात बसली. पोराएवढ्या वजनाचा, टणक, तांबूस सालीचा. मांडीवर घेतल्यावर तिला रडू आलं, आणि रडताना पाण्याची चव आठवली म्हणून ती थांबली.

चटईत गुंडाळून, काखेत धरून ती परत निघाली. वाटेवर बुरेंताऊची बायको बेरेते समोरून आली. तिच्या काखेत रिकामी चटई.

"काय गं, काय नेतेस?" बेरेतेनं विचारलं.

"धुणं."

"बरंच भिजलंय. चिखल गळतोय."

"मळलेलंच होतं. आणि तू कुठं?"

"मावशीच्या पाठीला तेल चोळायला."

"चटई घेऊन?"

"झोपवून चोळावं लागतं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बेरेतेच्या तळहातांचीही सालं निघाली होती. एक क्षण रोतियाला वाटलं, आता ही बसेल वाटेवर, आपणही बसू, बोलू. पण बेरेते खाकरली आणि माडांच्या शेंड्यांकडे बघत पुढे गेली.

सरपंच आले त्या दिवशी मानेआबात पाय ठेवायला जागा नव्हती. तेकीमाऊ सरपंच म्हणजे दणकट, हसरा माणूस. खाडीपलीकडच्या बुआनुई गावचा. त्याच्या गळ्यात फुलांचे हार घातले, अंगाला अत्तर लावलं. पुरुष आपापल्या घराण्याच्या खांबाशी बसले, बायका त्यांच्या पाठीमागे. मधोमध बाबाई मांडलेले. काय थाट! एकापेक्षा एक जाड, प्रत्येकाला केवड्याच्या पातीचा पट्टा.

रोतिया मागून बघत होती. सगळ्यांची साल तांबूस. सगळ्यांना तीच काळी माती चिकटलेली. एकाच आईची लेकरं वेगवेगळ्या घरांत दत्तक दिल्यासारखी रांगेत बसली होती. रांग संपवणारा शेवटचा बाबाई नेई ताबोतूनं स्वतः आणून ठेवला होता, कारण पाहुणे तिच्याही घरचे होते.

सरपंचांनी हात जोडले. "काय पीक आहे! आमच्या बुआनुईत आता असं बघायला मिळत नाही. पण विचारणं माझं काम आहे. भरतीचं पाणी कुणाच्या खड्ड्यात आलं असेल, बाबाई गेले असतील, त्यांनी सांगावं. पंचायत मदत करेल. लाजू नका."

ते "लाजू नका" त्यांनी इतकं गोड म्हटलं की ज्याला लाज नव्हती त्यालाही वाटली.

 बुरेंताऊ छपराच्या वाशांकडे बघू लागला. कुणी खोकलं. समोर कैताराची पाठ होती. उपसून उपसून ती एका बाजूला कलली होती, पण आज त्यानं ती खांबाला टेकवून सरळ धरली होती. रोतिया त्या पाठीकडे बघत राहिली. हा बोलणार नाही. कुणीच बोलणार नाही. मग तिचे गुडघे आपोआप सरळ झाले.

"आमचं पाणी खारट आहे," ती म्हणाली.

माश्या वारणारे पंखे थांबले. कैतारा वळला नाही. त्याच्या मानेवरची शीर तेवढी वर आली.

"वहिनीनं मासा खाऊन हात धुतला नसेल," बुरेंताऊ म्हणाला. लोक हसले. सुटका झाल्यासारखे हसले.

सरपंच हसले नाहीत. त्यांनी मान कलती केली. "बाई खारट म्हणतात. घरमालक काय म्हणतात?"

कैतारा उठला. रांगेतला आपला बाबाई त्यानं दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. कमरेतून कळ गेली असणार, ओठ पांढरे पडले. "हा खाऱ्या पाण्यात वाढतो का? हे एवढंच माझं म्हणणं."

"वा!" कुणीतरी म्हणालं.

"तो आमचा नाही," रोतिया म्हणाली. पण आवाज इतका खाली गेला की पुढच्या दोन बायकांनाच ऐकू आला असेल. तिनं परत तोंड उघडलं. "नेई ताबोतूला विचारा. तिला ठाऊक आहे."

 प्रत्येक घराचा श्वास त्या म्हातारीच्या तोंडाशी अडकला.

"आजी," सरपंच मोठ्यानं म्हणाले, "तुमच्या खड्ड्यातलं पाणी कसं आहे?"

म्हातारीनं आधी हिरड्या चघळल्या. तिनं रोतियाला वचन दिलं होतं. बेरेतेलाही दिलं होतं. मानेआबातल्या प्रत्येक खांबाला दिलं होतं.

"माझ्या खड्ड्यातलं? गोड आहे," ती म्हणाली.

"आणि बाबाई?"

"बाबाई सगळे इथंच आहेत. समोर बघा ना."

टाळ्या पडल्या. सरपंचांनी म्हातारीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ते काही मूर्ख नव्हते. बेटावरच जन्मले होते, रांगेतले सगळे एकाच खड्ड्यातले, हे त्यांना सालीवरून ओळखू येत होतं. मग त्यांनी कारकुनाकडे मान वळवली. "तेराकाईचं पाणी गोड. आजींनी सांगितलं, आणखी कोण सांगायला हवं?"

मग बाबाई उकडले, कुटले, नारळाच्या दुधात मळले आणि सगळ्यांनी पोटभर खाल्ले. रोतियाच्या मुलींनी तर पानं चाटली. सरपंचांनी तीनदा वाढून घेतलं. संध्याकाळी तेराकाईतला शेवटचा चांगला बाबाई संपला होता. तेराकाईत काही कमी नाही, हे दाखवण्यात.

त्यानंतर कैतारा घरात बोलेनासा झाला. जेवण पुढे आलं की जेवायचा आणि होडीच्या खोपीत जाऊन झोपायचा. पाणी उपसणं थांबलं. उपसायला आता काही उरलंही नव्हतं. पानं चिखलात आडवी झाली होती.

नेई ताबोतू मात्र रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात ताट घेऊन येऊ लागली.

"बुबूती करायला आलेय," ती म्हणायची.

नाही म्हणता येत नाही. रोतिया आपल्या ताटातला मासा तिच्या ताटात सरकवायची. म्हातारी काटे चोखत बसायची आणि एकदाही तो विषय काढायची नाही. रोतियाला वाटे, काढला असता तर बरं झालं असतं.

जहाज आलं. तांदूळ आला, आणि सिमेंट, माती, टाकी, सगळं बुआनुईला. पंचायतीचं काम म्हणजे सगळ्या गावांचं काम, तेव्हा तेराकाईच्या पुरुषांनी गोण्या उतरवायला जायचं ठरलं. कैतारा गेला. खाडीच्या कमरभर पाण्यातून सिमेंटची गोणी खांद्यावर, मग मातीची. लांबच्या बेटावरची माती, लालभडक, कोरडी. बुआनुईची माणसं काठावर उभी राहून "जपून, जपून, सांडू नका" म्हणत होती. दुपारी त्यांना चहा-बिस्किटं दिली. एक जण म्हणाला, "तुम्हाला काय, तुमचे खड्डे सोन्याचे. आमच्या नशिबी सिमेंट." कैतारा "हो ना" म्हणाला.

घरी आला तो करड्या रंगाचा. घामात सिमेंट भिजून खांद्यावर थर बसला होता. रोतियानं विहिरीचं पाणी काढून चोळायला सुरुवात केली. कातडीला भेगा पडल्या होत्या. खारट पाणी लागताच तो आतल्या आत कण्हला. किती दिवसांनी त्याच्या तोंडून काही निघालं होतं.

"लाल माती आहे," तो म्हणाला. "मूठभर खिशात घातली होती. भिजून गेली."

 ती नखानं सिमेंट खरवडत राहिली. तिला वाटलं, आता हा फुटेल. थोडं थांबायला हवं.

वाफे बांधून झाले आणि मोटरसायकल पुन्हा आली. पुरुष होडीच्या खोपीपाशी जाळी दुरुस्त करत बसले होते. रोतिया मागे बसून नेई ताबोतूसाठी भात काढत होती.

"बुआनुईच्या वाफ्यांचं उद्घाटन आहे," कारकून म्हणाला. "राजधानीहून मंत्री येणार. पंगत मोठी. पण त्यांच्या वाफ्यांत आत्ता कुठं कोंब आलेत. म्हणून पंचायतीनं ठरवलंय की जिथं पीक आहे त्या गावानं द्यायचं. तेराकाईनं बाबाई आणायचे. वीस."

जाळ्यांवरचे हात थांबले.

रोतियानं डाव खाली ठेवला. आता. आता तरी. सगळ्यांचे खड्डे मेले आहेत, म्हातारीचा रिकामा आहे, वीस काय, एक कुठून आणणार? आता कुणालातरी बोलावंच लागेल, आणि एक बोलला की सगळे बोलतील, आणि पुढच्या जहाजाला कदाचित... ती नवऱ्याच्या भेगाळलेल्या खांद्याकडे बघत राहिली.

बुरेंताऊनं जाळ्याचा धागा दातानं तोडला. "वीसच? मला वाटलं, मोठी पंगत आहे."

कुणीतरी हसलं.

"आमच्या घरचे दोन धरा," बुरेंताऊ म्हणाला. "मोठे. दोघांनी उचलायचे."

"आमचेही दोन," पलीकडून आवाज आला.

कारकुनानं कैताराकडे पाहिलं. कैतारानं तळहात उलटे करून बघितले. सिमेंटनं बोटांची टोकं पांढरी झाली होती. 

"आमचे तीन," तो म्हणाला.

भातातून वाफ येत होती. म्हातारी ताट पुढे करून बसली होती. रोतियानं तिच्या ताटात भात वाढला, कपड्याला हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तीन कसले? चार धरा. पाणी गोड आहे आमचं."

कारकून खूश झाला. कैतारानं मान वळवून मागे पाहिलं. ती हसत नव्हती.